घरचं टपाल आणि बाहेरची पोच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे आजोबा नांदेडला एका अडत दुकानात मुनीम होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पाकिटांचा एक गठ्ठा होता. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी तो सोडून बसणं हा माझा आवडता उद्योग. त्या गठ्ठ्यात दोन जातींची पाकिटं होती. लातूरच्या गंजातून आलेल्या पाकिटांवर निजाम सरकारचं तिकीट आणि सोलापूरच्या पेढीवरून आलेल्या पाकिटांवर ब्रिटिश बादशहाचा मुखवटा. लातूरहून सोलापूर गाठा की नांदेड, अंतरात फारसा फरक नाही. तरी एका वाटेला एक तिकीट आणि दुसऱ्या वाटेला दुसरं, असं का? मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, निजामाचं तिकीट निजामाच्या हद्दीत. वेशीबाहेर त्याला कोण विचारतो?"

हैदराबाद संस्थानानं स्वतःची टपाल तिकिटं काढली ती १८६९ साली. पुढच्या काळातल्या तिकिटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर तेलुगू आणि मराठी अक्षरंही असत. संस्थानाचं टपालखातं स्वतंत्र, माणसं स्वतःची, शिक्के स्वतःचे. संस्थानाच्या आत कागद कुठूनही कुठेही जाई. मात्र बाहेर पत्र पाठवायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लावावं लागे, आणि त्यासाठी ब्रिटिशांचं टपालखातंही संस्थानात होतंच. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली आणि १ एप्रिल १९५०ला संस्थानाचं टपालखातं भारताच्या टपालखात्यात विलीन झालं. तेव्हा कुठे नांदेडच्या माणसाला एकाच तिकिटावर लातूरही मिळालं आणि सोलापूरही.

आजोबांचं ते वाक्य मला पन्नासेक वर्षांनी पुन्हा आठवलं, तेव्हा मी स्वतः एक टपालखातं चालवत होतो. त्यात तिकिटं नव्हती, थैल्या नव्हत्या. एक संगणक होता, एक टेलिफोनची तार होती आणि खोलीत अखंड घरघरणारा पंखा. नांदेडच्या एका शिक्षणसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळत होतो. संस्थेची एक शाखा लातूरला होती. २००३ साली संस्थेनं ठरवलं की आपली ई-पत्रं आपल्याच यंत्रावरून जावीत आणि यावीत. म्हणजे आपला स्वतःचा मेल सर्व्हर.

तो काळ आठवून पाहा. शहरात इंटरनेट कॅफेंचं पेव फुटलं होतं. मुलांची खाती रेडिफ, याहू किंवा हॉटमेलवर. तिथे जागा तुटपुंजी. चार फोटो आले की डबा भरला. शिवाय बाहेरच्या संस्था म्हणत, प्राध्यापकांचं पत्र संस्थेच्या पत्त्यावरूनच यावं, फुकटच्या खात्यावरून आलेलं आम्ही धरणार नाही. त्यात गैर काही नव्हतं. लेटरहेडवरचं पत्र आणि वहीच्या पानावरचं पत्र यांत फरक असतोच.

'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येत. अशाच सीडीवरून मी लिनक्स चढवलं आणि त्यावर पोस्टफिक्स नावाचा कार्यक्रम. आठवडाभरात नांदेडच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पत्र पोचलं. प्राचार्यांनी पेढे वाटले. मला वाटलं, झालं काम. खरं म्हणजे निजामाच्या हद्दीतलं काम तेवढं झालं होतं.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं दुखणं कळायचं नाही.

ई-पत्राची सुरुवात झाली ती एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडलं आणि पत्त्यात ते गोल चिन्ह आणलं. ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्रं पोचवण्याचे नियम लिहून काढले. त्यांनाच आपण एसएमटीपी म्हणतो. अजूनही कारभार मुळात त्याच नियमांवर चालतो. त्या नियमांत पाठवणारं यंत्र आपलं नाव सांगतं आणि घेणारं यंत्र ते खरं मानतं. ओळखपत्र नाही, साक्षीदार नाही. विद्यापीठं आणि प्रयोगशाळा मिळून बसलेल्या पंगतीत कुणी कुणाला आधी आमंत्रणपत्रिका दाखव म्हणत नसतं.

आपल्याकडेही तसंच झालं. १९८६ साली भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पैशातून अर्नेट हे जाळं सुरू झालं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूचं एनसीएसटी, अशी आठ ठिकाणं. एनसीएसटीचे डॉ. एस. रमणी आणि त्यांचे सहकारी साध्या टेलिफोनच्या तारेवरून पत्रं पाठवत. तार तुटे, पुन्हा जोडावी लागे. म्हणून या सगळ्या व्यवस्थेच्या हाडीमाशी एक गुण मुरलेला आहे: धीर. समोरचं यंत्र बंद असेल, तर पत्र फेकून द्यायचं नाही. रांगेत ठेवायचं आणि थोड्या थोड्या वेळानं दार वाजवत राहायचं. किती दिवस? १९८९च्या नियमांनी सांगितलं, निदान चार-पाच दिवस तरी.

या धीराचे मराठवाड्यावर उपकार आहेत. २००५-०६च्या दिवसांत आमच्याकडे वीज तासन् तास जाई. यूपीएस अर्ध्या तासात मान टाके. डिझेल असलं तर जनरेटर, नसलं तर अंधार. सर्व्हर बंद पडला की बाहेरून आलेली पत्रं कुठे जात? कुठेच नाही. पाठवणाऱ्याच्या यंत्रावर थांबत. वीज आली, पंखा घरघरला की दहा-पंधरा मिनिटांत एकेक करून येऊ लागत. वळचणीला थांबलेली माणसं पाऊस उघडल्यावर घरात यावीत तशी. त्या चार वर्षांत केवळ वीज गेली म्हणून आमचं एकही पत्र हरवल्याचं मला आठवत नाही.

पण ओळखीच्या पंगतीत लवकरच आगंतुक शिरले. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्यानं सुमारे चारशे जणांना न मागता जाहिरात पाठवली होती. पहिला स्पॅम म्हणून तीच ओळखली जाते. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म नावाचा उपद्रव पसरला, त्याची एक वाट सेंडमेल या त्या वेळच्या प्रमुख टपाल-कार्यक्रमातल्या छिद्रातून गेली होती. नव्वदच्या दशकात जाहिरातींचा पूर आला. तोवर पद्धत अशी होती की कुणाही अनोळखी यंत्राचं पत्र आपण पुढे पोचवून द्यायचं. वाटसरूला पाणी द्यावं तसा तो धर्म होता. जाहिरातवाल्यांनी त्याचाच फायदा घेतला. १९९७च्या सुमारास पॉल विक्सी यांनी उपद्रवी यंत्रांची काळी यादी सुरू केली. १९९८मध्ये सेंडमेलच्या नव्या आवृत्तीत परक्यांची पत्रं पुढे पोचवणं मुळातच बंद ठेवलं गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी वित्से व्हेनेमा यांचं पोस्टफिक्स लोकांसमोर आलं. त्यात एका मोठ्या कार्यक्रमाऐवजी लहान लहान कार्यक्रम आहेत. एक पत्र घेतो, एक रांग सांभाळतो, एक पोचवतो आणि कुणीच दुसऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

म्हणजे मी नांदेडला टपालखातं उघडलं, तेव्हा पंगत मोडून पाचेक वर्षं होत आली होती आणि दाराशी पहारेकरी बसले होते. मला मात्र पंगतीचेच नियम माहीत होते.

पहिली चूक माझीच. लातूरच्या शाखेत कायमची लाइन नव्हती. तिथले लोक टेलिफोनवरून इंटरनेट जोडत आणि दर जोडणीला त्यांच्या यंत्राला नवा आयपी पत्ता मिळे. आमचा सर्व्हर फक्त आपल्या माणसांची पत्रं पुढे पाठवी. लातूरकरांचा पत्ता रोज बदलणारा, म्हणून त्यांना परका समजून हाकलून देई. रोज फोन येई, "सर, आमचं पत्र काही जाईना हो!" वैतागून एका संध्याकाळी मी ज्या पट्ट्यातून त्यांना पत्ते मिळत, तो सगळा पट्टाच 'आपला' म्हणून लिहून टाकला. पासष्ट हजार पाचशे छत्तीस पत्ते. लातूरची सात माणसं आत यावीत म्हणून अख्ख्या शहराला घराची किल्ली दिली.

ते वर्ष २००४. जानेवारीत मायडूम नावाचा व्हायरस जगभर पसरला होता आणि घरोघरीची बाधित यंत्रं जाहिराती ओकत होती. पंधरा दिवसांत आमच्या रांगेत हजारो पत्रं साचली. एकही आमचं नव्हतं. आम्ही काळ्या यादीत गेलो. उपाय अवघड नव्हता. माणूस कुठून आला हे न पाहता त्याला नाव आणि सांकेतिक शब्द विचारायचा. ती सोय १९९९पासून नियमांत होती. ती मी वाचलीच नव्हती. किल्ली परत घेतली, सात जणांना सात सांकेतिक शब्द दिले, यादीतून नाव काढण्याची विनंती केली. आठवड्याभरात सुटका झाली. यातून मी एक शिकलो: सर्व्हर बिघडला की आधी यंत्राकडे नव्हे, लॉगकडे पाहायचं. प्रत्येक पत्राचं काय झालं ते तिथे एकेका ओळीत लिहिलेलं असतं. आपलीच रोजकीर्द, फक्त वाचण्याचा कंटाळा.

दुसरी गोष्ट मात्र मला आजही सलते.

२००५च्या उन्हाळ्याआधीची. लातूरच्या शाखेत औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी शिकत होती. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी तिनं अर्ज केला होता. अट होती की शिक्षकांचं शिफारसपत्र संस्थेच्या पत्त्यावरून शुक्रवारपर्यंत पोचावं. तिच्या मॅडमनी सोमवारी दुपारी चारच्या सुमारास ते पाठवलं. पडद्यावर 'पाठवलेली पत्रं' या कप्प्यात ते दिसू लागलं. मॅडमनी मुलीला सांगितलं, "गेलं बरं का तुझं पत्र." मुलीनं घरी फोन करून सांगितलं. वडिलांनी गावात सांगितलं.

शनिवारी दुपारी चारला पत्र परत आलं. मॅडमनी ते पुढच्या सोमवारी पाहिलं आणि मला फोन केला. मी लॉग उघडला. त्या पत्राच्या नावे पाच दिवसांत ओळीमागून ओळी, सगळ्यांत तोच आकडा: ४५०. या आकड्यांची एक भाषा आहे. पहिला आकडा पाच असेल तर समोरचा म्हणतो, तुमचं पत्र कधीच घेणार नाही. चार असेल तर म्हणतो, आत्ता नाही, नंतर या. आमचा सर्व्हर आज्ञाधारक. पाच दिवस 'नंतर' जात राहिला. ज्या धीरानं लोडशेडिंगमध्ये आमची पत्रं राखली, त्याच धीरानं या मुलीचं पत्र गप्प बसून मारलं. समोरून एकदाच स्पष्ट नकार आला असता, तर सोमवारी संध्याकाळीच कळलं असतं. फॅक्स करता आला असता, एसटीनं कुणाला धाडता आलं असतं.

आणि दार का उघडत नव्हतं? आकड्यापुढे कारण लिहिलं होतं: तुमच्या यंत्राचं नाव सापडत नाही.

हे जरा समजावून सांगतो. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधता येतो, ते आपण रोज करतो. तसंच पत्त्यावरून नावही शोधता येतं. पहिली नोंद आपल्या हातात असते, कारण नाव आपलं. दुसरी नोंद ज्याच्या मालकीचे पत्ते, त्याच्या दप्तरात असते, म्हणजे लाइन देणाऱ्या कंपनीच्या. शेत आपण कसतो, विहीर आपण खणतो, पण सातबाऱ्यावर नाव लागायचं तर तलाठ्याकडे फेरफार व्हावा लागतो. आमचा फेरफार झालाच नव्हता. बहुतेक ठिकाणी कुणी उतारा मागत नसे म्हणून दीड वर्ष खपून गेलं. त्या मोठ्या संस्थेच्या पहारेकऱ्यानं तो मागितला.

मी लाइन देणाऱ्यांकडे फोन केला. तिकडून विचारलं, "लाइन चालू आहे ना? मग तक्रार काय?" लेखी अर्ज दिला. तो कुठल्या टेबलावर जायचा हेच ठरेना. स्मरणपत्र दिलं, दुसरं दिलं. ई-पत्र दुरुस्त व्हावं म्हणून मी अडीच महिने कागदाची पत्रं लिहीत होतो, तीही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. शेवटी एका तरुण इंजिनिअरनं माझं म्हणणं ऐकून घेतलं. त्यानं नोंद केली. एका ओळीचं काम. त्या दिवशी मी त्याच संस्थेला चाचणीचं पत्र पाठवलं आणि ते दोन सेकंदांत पोचलं. मुलीची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

तिचं पुढे वाईट झालं नाही. ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली. पण या वाक्याच्या आड मला लपता येत नाही. पहिल्या मोठ्या दाराशी तिचं नाव पोचलंच नाही. तिच्यात काही उणं नव्हतं, उणं माझ्या नोंदीत होतं.

त्यानंतरच्या वर्षांत पहारे वाढतच गेले. आमच्या नावानं कोणकोणती यंत्रं पत्रं पाठवू शकतात, याची जाहीर यादी लावायची पद्धत आली. ती एसपीएफ, नियम म्हणून २००६ची. पत्रावर गुप्त किल्लीनं मोहोर उठवायची आणि ती तपासण्याची किल्ली चव्हाट्यावर ठेवायची, ती डीकेआयएम, २००७ची. यादीत नसलेलं, मोहोर नसलेलं पत्र आमच्या नावानं आलं तर त्याचं काय करावं, हे घेणाऱ्याला सांगून ठेवायचं, ते डीमार्क, २०१२चं. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहूनं दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. लहानांनाही यादी किंवा मोहोर यांपैकी एक तरी हवी, आणि पत्त्यावरून नाव सापडलंच पाहिजे. २००५ साली ज्या नोंदीअभावी आमचं पत्र अडलं, ती आज प्रत्येकाला लागते.

यातला प्रत्येक पहारा कुणीतरी केलेल्या लबाडीमुळे बसला आहे. लबाडी दूरच्यांनी केली, तपासणी मात्र नांदेड-लातूरच्या प्रामाणिक यंत्रालाही द्यावी लागते. हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण दुसरी बाजूही आहे. त्या पहाऱ्यांमुळेच आमच्या संस्थेच्या नावानं कुणी मुलांना खोटी प्रवेशपत्रं पाठवली, तर ती आज ओळखता येतात.

बऱ्याच संस्थांनी हा व्याप सोडून दिला. २००६मध्ये गुगलनं शिक्षणसंस्थांना फुकट टपालसेवा देऊ केली. २०११मध्ये आमच्या संस्थेनंही ती घेतली. माझी त्याला हरकत नव्हती. वीज गेली तरी पत्र येतं, मोठ्याच्या तिकिटाला सगळीकडे मान आहे. मात्र २०२१ साली त्याच कंपनीनं जाहीर केलं की अमर्याद जागा संपली, यापुढे अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट मूळ मर्यादा. तेव्हा अनेकांना आठवलं की घर दुसऱ्याचं आहे. म्हणून मला कुणी विचारलं की सर, आपला सर्व्हर आपण ठेवावा का, तर मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. डोमेन, म्हणजे संस्थेचं नाव, ते मात्र आपल्याच ताब्यात ठेवा. टपाल उद्या कुणाकडूनही नेता येतं. आणि यंत्र स्वतःचं ठेवणार असाल, तर लॉग रोज वाचणारा एक माणूसही ठेवा. यंत्र स्वस्त आहे, तो माणूस मिळत नाही.

शेवटची एक गोष्ट सांगायची राहिली. मॅडमचा फोन आला त्या संध्याकाळी मी पोस्टफिक्सची कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. त्यात एक सोय सापडली. पत्र ठरावीक तासांत पोचलं नाही, तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. ती सोय पहिल्या दिवसापासून तिथेच होती, पण मूळ स्थितीत बंद असते. आपण आकडा घालावा लागतो. मी शून्य खोडून तिथे चार तास लिहिले. ते आधीच लिहिलेले असते, तर त्या सोमवारी रात्री आठच्या सुमारास मॅडमना निरोप मिळाला असता, की पत्र अजून नांदेडलाच आहे. शुक्रवारला तेव्हा चार दिवस होते.